मधलीं अठराशें वर्षें

कांहीं वर्षांपूर्वीं बी. ए. च्या वर्गांत विसाव्या शतकांतील जर्मनीचा इतिहास शिकवीत असतां मी १९३३ सालापर्यंत आलों होतों. हिटलर अधिकारारूढ झाला, ज्यूंवर निर्बंध आले, एवढें सांगून पुढें जाणार तोंच मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. मुलगा रेवदंड्याकडचा. तो म्हणाला, "सर, पहिल्या वर्षीं आपण वाचलें कीं, इ. स. ७० मध्यें रोमन लोकांनीं जेरुसलेमचें मंदिर जाळलें. त्यानंतर हे लोक आज एकदम १९३३ मध्यें भेटत आहेत. मधल्या अठराशें वर्षांत ते काय करीत होते? आमच्या गांवीं ते तेल गाळीत होते, एवढें आजी सांगते." वर्ग हंसला, मीही हंसलों, आणि 'तो भाग अभ्यासक्रमांत नाहीं' असें सांगून मीं त्याला खालीं बसविलें.

उत्तर खरें होतें, परंतु तें शिक्षकाचें उत्तर नव्हतें. अभ्यासक्रम रचणारांना दोष देऊन मोकळें होण्याचीही सोय मला नव्हती. कारण तीच पुस्तकें मी वर्षानुवर्षें शिकवीत आलों होतों आणि या पुस्तकांतून एक सबंध समाज केवळ दोनदां, आणि दोन्ही वेळां मरण्यापुरता, रंगभूमीवर येतो ही गोष्ट माझ्या ध्यानांतही आली नव्हती. त्या दिवसापासून मी या विषयाचें वाचन करूं लागलों. तेव्हां असें दिसून आलें कीं, रेवदंड्याच्या या मुलाचा प्रश्न दोनशें वर्षांपूर्वीं बर्लिनच्या विद्यापीठांत एका विद्यार्थ्यानें विचारला होता, आणि त्यालाही जवळजवळ माझ्यासारखेंच उत्तर मिळालें होतें. फरक इतकाच कीं, तो खालीं बसला नाहीं.

लेओपोल्ड त्सुंट्स हा १७९४ सालीं डेट्मोल्ड येथें जन्मला. घरची स्थिति हलाखीची. लहानपणींच पितृछत्र नाहींसें झाल्यामुळें वोल्फेनब्युटेल येथील ज्यू मुलांच्या धर्मादाय शाळेंत त्याची रवानगी झाली. पुढें त्या गांवच्या सरकारी विद्यालयांत प्रवेश मिळविणारा तो पहिलाच ज्यू विद्यार्थी होय. १८१५ मध्यें तो बर्लिनला आला. विद्यापीठाला त्या वेळीं अवघीं पांच वर्षें झालीं होतीं, आणि १८१२ च्या राजाज्ञेनें प्रशियांतील ज्यूंना नागरिकत्व देऊन लायकी असेल तर अध्यापनाच्या जागाही त्यांना मोकळ्या केल्या होत्या. म्हणजे दरवाजा उघडा असल्याचा भास तरी होता.

या विद्यापीठांत वोल्फ व बोएख हे दोन नामांकित पंडित ग्रीक विद्या शिकवीत. त्यांची शिकवण थोडक्यांत अशी कीं, एखादें राष्ट्र जाणावयाचें तर त्याचीं चार थोर काव्यें वाचून भागत नाहीं. त्याचे शिलालेख, कायदे, जमाखर्च, व्याकरण, नाणीं, सारें कांहीं एकत्र मांडून पाहिलें पाहिजे. त्सुंट्स हें ऐकत होता आणि साहजिकच मनांत म्हणत होता कीं, ही पद्धति माझ्या पूर्वजांच्या ग्रंथांना कां लावूं नये? हिब्रू त्या विद्यापीठांत शिकविली जात होती, नाहीं असें नाहीं. परंतु ती 'जुन्या करारा'ची भाषा म्हणून, भावी पाद्र्यांना. ख्रिस्त जन्मला कीं ज्यूंचें इतिहासांतील काम संपलें, असा तेथील ईश्वरविद्येचा संकेत होता. आणि इतिहासाचा अध्यापक र्‍यूस हा तर ज्यूंना नागरिकत्व देऊं नये म्हणून पत्रकें लिहीत होता. त्सुंट्सनें त्याच्या व्याख्यानांस जाणें सोडून दिलें व आपल्या रोजनिशींत त्याचें कारणही टिपून ठेवलें.

१८१८ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्यानें रब्बींच्या वाङ्मयाविषयीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुस्तकाचें नांव अत्यंत विनयाचें, पण आंतील मागणी मोठी. ज्यूंचें वाङ्मय म्हणजे केवळ धर्मशास्त्र नव्हे. त्यांत ज्योतिष आहे, गणित आहे, भूगोल, वैद्यक, व्यापार, न्याय, काव्य, संगीत, मुद्रणकला आहे. आणि हें सर्व त्या त्या शास्त्राच्या दृष्टीनें तपासलें पाहिजे, असें त्याचें म्हणणें. आणि हें आतांच कां? तर जर्मन ज्यू झपाट्यानें हिब्रू विसरत चालले आहेत. आज मिळणारे ग्रंथ १९१९ सालीं मिळतील कीं नाहीं याची शंका, म्हणून हिशेब आतांच करून ठेवावा. भविष्य वर्तविण्याच्या कामीं हा तरुण सपशेल चुकला. १९१८ च्या जुलैंत, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीं, जेरुसलेमच्या स्कोपस टेकडीवर हिब्रू विद्यापीठाच्या कोनशिला बसविल्या गेल्या, आणि त्याच भाषेंत आज तेथील पोरेंटोरें भांडतात. परंतु इतिहासकाराला भविष्य चुकल्याचा दोष देऊं नये; त्याचा धंदा मागचें पाहण्याचा.

दुसऱ्याच वर्षीं, १८१९ च्या उन्हाळ्यांत, व्युर्त्सबुर्ग येथें दंगे सुरू होऊन ते अनेक जर्मन शहरांत पसरले. ज्यूंचीं दुकानें व घरें फुटलीं. दंगेखोरांत विद्यार्थीही होते. त्याच वर्षीं ७ नोव्हेंबरला बर्लिनमध्यें सात तरुण एकत्र जमले व त्यांनीं एक मंडळ स्थापिलें. त्याचें पुढें रूढ झालेलें नांव 'ज्यूंच्या संस्कृतीचें व शास्त्राचें मंडळ' असें होतें. त्सुंट्स त्यांत होता, त्याचा शाळासोबती योस्ट होता, आणि मंडळाचा पुढारी म्हणजे एदुआर्द गान्स, हेगेलचा आवडता शिष्य, कायद्याचा पंडित, वय बावीस. पुढें १८२२ मध्यें कवि हाइने याही मंडळांत दाखल झाला. दगडांना ग्रंथांनीं उत्तर देऊं पाहणाऱ्या या मंडळींविषयीं मनांत आदर उत्पन्न होतो, आणि थोडी करुणाही वाटते.

मंडळाचें नियतकालिक १८२२-२३ मध्यें निघालें. अंक तीनच. त्यांत त्सुंट्सनें राशी या पंडिताचें चरित्र लिहिलें. हा राशी म्हणजे उत्तर फ्रान्समधील त्र्वा गांवचा रहिवासी, १०४० मध्यें जन्मला व ११०५ मध्यें वारला. बायबल व तालमूद यांवरील त्याच्या टीका आजही प्रत्येक पाठशाळेंत मुळाशेजारीं छापल्या जातात. आपल्याकडे सायणाचार्यांवांचून जसें वेदाध्ययनाचें पान उलटत नाहीं, तसेंच हें. कठीण हिब्रू शब्द आला कीं राशी त्याचा अर्थ आपल्या गांवच्या फ्रेंच बोलींत, पण हिब्रू लिपींत, लिहून ठेवी. त्यामुळें अकराव्या शतकांतील फ्रेंच भाषा कशी होती हें जाणण्यास आज फ्रेंच भाषाशास्त्रज्ञांनाही त्याच्या दाराशीं जावें लागतें. 'मधल्या काळांत हे लोक काय करीत होते' याचें हें एक उत्तर: त्यांपैकीं एकजण त्र्वा येथें बसून, नकळत, फ्रेंचांचा शब्दकोश सांभाळीत होता.

मंडळ मात्र टिकलें नाहीं. गान्सनें बर्लिन विद्यापीठांत अध्यापकाची जागा मागितली. १८१२ च्या राजाज्ञेप्रमाणें ती त्याला नाकारण्यास आधार नव्हता. तेव्हां आधार निर्माण करण्यांत आला. १८२२ च्या ऑगस्टमध्यें राजानें नवा हुकूम काढून ज्यूंना विद्यापीठीय जागा बंद केल्या. १८२४ मध्यें मंडळ विसर्जन पावलें. १८२५ मध्यें हाइनेनें व त्याच वर्षाच्या अखेरीस गान्सनें बाप्तिस्मा घेतला. गान्सला लगोलग अध्यापकपद मिळालें. या दोघांची निर्भर्त्सना करणें सोपें आहे आणि हाइनेनें स्वतःच्या बाबतींत ती यथास्थित केलीही. परंतु मला वाटतें, वयाच्या पंचविशी-तिशींत आपल्या विद्येला दुसरा दरवाजाच नाहीं असें दिसल्यावर माणूस काय करील, याचा निवाडा ज्याला नोकरीसाठीं देव बदलावा लागलेला नाहीं त्यानें जरा हात राखूनच करावा.

त्सुंट्स राहिला. वर्तमानपत्राच्या कचेरींत परदेशीं बातम्यांचीं भाषांतरें करून त्यानें चरितार्थ चालविला आणि रात्रीं ग्रंथ लिहिले. त्यांपैकीं दोहोंची जन्मकथा सांगण्याजोगी आहे. प्रशियाच्या सरकारनें १८२३ मध्यें ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांत जर्मन भाषेंत प्रवचन करण्यास बंदी केली. कारण दिलें कीं, हें नवीन खूळ आहे, परंपरेंत नाहीं. १८३२ मध्यें त्सुंट्सनें ज्यूंच्या धार्मिक प्रवचनांचा एक जाडजूड इतिहास लिहून दाखवून दिलें कीं, लोकांच्या बोलभाषेंत प्रवचन करण्याची चाल दुसऱ्या मंदिराच्या काळापासूनची आहे. मिद्राश म्हणून जें विस्कळित कथाभांडार पंडितांनीं अडगळींत टाकलें होतें, त्यांतील ग्रंथांचा कालनिर्णय त्यानें या निमित्तानें केला. पुढें ज्यूंनीं ख्रिस्ती नांवें ठेवूं नयेत असा सरकारी हुकूम निघाला. तेव्हां बर्लिनच्या ज्यू समाजानें त्सुंट्सकडे धांव घेतली. १८३७ मध्यें त्यानें 'ज्यूंचीं नांवें' हें पुस्तक लिहिलें. ग्रीकांमध्यें राहिले तेव्हां ग्रीक, अरबांमध्यें अरबी, जर्मनांमध्यें जर्मन, अशीं नांवें ते नेहमींच घेत आले; नांवांवर कोणाची मालकी नसते, हा त्याचा सिद्धांत.

हें पुस्तक त्यानें लिहिलें तेव्हां कोंकणकिनाऱ्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोंचली असती तर त्याला केवढा आनंद झाला असता! येथें शमुवेलाचा सामाजी झाला होता, यहेज्केलाचा हसाजी. आणि गांवावरून आडनांव घेण्याची आपली रीत उचलून किहीमचे ते किहीमकर, राजपूरचे ते राजपूरकर, दिव्याचे ते दिवेकर झाले होते. मुंबईंत १७९६ मध्यें पहिलें प्रार्थनामंदिर बांधणारा इंग्रजांच्या फौजेंतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर याचें नांव ऐकून तो कोणत्या धर्माचा हें कोणी मराठी माणूस सांगूं शकेल काय?

१८४८ सालीं युरोपांत सर्वत्र राज्यक्रांतीचें वारें सुटलें. त्सुंट्सला वाटलें, आतां वेळ आली. त्या जुलैंत त्यानें प्रशियाच्या शिक्षणमंत्र्यांकडे अर्ज केला कीं, बर्लिन विद्यापीठांत ज्यूंचा इतिहास व वाङ्मय यांसाठीं एक अध्यापकपद निर्माण करावें. त्याचा मुद्दा असा कीं, जे उद्यां न्यायाधीश, कारभारी, विधिमंडळाचे सभासद होतील त्यांनीं विद्यार्थिदशेंत ज्यूंविषयीं कांहीं खरी माहिती मिळविली, तर पुढें ते त्यांच्याविषयीं अज्ञानानें कायदे करणार नाहींत. विद्याशाखेनें विचार करून वर्षअखेर नकार दिला. नकाराचा मथितार्थ हा कीं, रब्बी तयार करणें हें विद्यापीठाचें काम नव्हे, आणि ज्यूपणाला त्याच्या वेगळेपणांत बळकटी आणण्यासाठीं अध्यापकपद देणें विद्यापीठाच्या हेतूशीं विसंगत आहे. त्सुंट्सनें रब्बी मागितलेच नव्हते. शिवाय त्याच इमारतींत प्रॉटेस्टंट पंथाची ईश्वरविद्या शिकविणारी एक संपूर्ण शाखा सुखेनैव नांदत होती, याचें स्मरण त्या विद्वानांस झालेलें दिसत नाहीं.

यामुळें या विद्येचें घर विद्यापीठाच्या बाहेर बांधलें गेलें. ब्रेस्लाउ येथें १८५४ मध्यें व बर्लिन येथें १८७२ मध्यें रब्बींच्या शिक्षणसंस्था निघाल्या. तेथील विद्यार्थी बहुधा दोन ठिकाणीं शिके. विद्यापीठांत अरिस्टॉटल व कांट, आपल्या संस्थेंत तालमूद व मैमोनिदेस. ब्रेस्लाउ येथें ग्रेट्स शिकवीत असे. त्याचा अकरा खंडांचा ज्यूंचा इतिहास १८५३ ते १८७६ या काळांत निघाला. ग्रंथ तेजस्वी, परंतु त्यांत दोनच रंग ठळक: पंडितांचे ग्रंथ आणि समाजाचे हाल. १९२८ मध्यें सालो बारोन या तरुण अभ्यासकानें या रडक्या इतिहासपद्धतीवर उघड हल्ला केला. मध्ययुगांतील ज्यूंच्या हालांचें वर्णन करतांना त्याच काळीं भोंवतालचा कुळवाडी कसा जगत होता हें पाहावयास नको काय? ज्यूंना आपलीं न्यायालयें होतीं, आपले कर, आपल्या शाळा, आपली पंचायत होती. वेठबिगार शेतकऱ्याला यांपैकीं काय होतें? असा त्याचा प्रश्न. दोन वर्षांनीं हाच बारोन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत ज्यू इतिहासाचा अध्यापक झाला. त्यापूर्वीं १९२५ मध्यें हार्वर्डनें वुल्फसन यास असेंच पद दिलें होतें. त्सुंट्सचा अर्ज, अशा रीतीनें, पाऊणशें वर्षांनीं आणि समुद्रापलीकडे मंजूर झाला.

बारोनचें म्हणणें किती सार्थ होतें याचा पुरावा कैरोच्या जुन्या भागांतील एका माळ्यावर पडला होता. ईश्वराचें नांव ज्यावर असेल तो कागद फाडूं अथवा जाळूं नये, अशी ज्यूंची चाल. म्हणून बेन एझ्रा प्रार्थनामंदिरांतील एका खोलींत जीर्ण कागद टाकीत. टाकणारांनीं नांव आहे कीं नाहीं हें पाहण्याची तसदी घेतली नाहीं, हें इतिहासाचें भाग्य. केंब्रिजमध्यें तालमूद शिकविणारा सॉलोमन शेख्टर हा १८९६-९७ च्या हिंवाळ्यांत त्या धुळींत उतरला व लाखावर तुकडे घेऊन परतला. त्याच सुमारास राजवाडे आपल्याकडे वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरें हुडकीत होते, आणि त्यांचा पहिला खंड १८९८ मध्यें बाहेर पडला. दोघांनाही एकमेकांची वार्ता नसावी. त्या तुकड्यांत लग्नाचे करार आहेत, काडीमोडीचीं पत्रें आहेत, औषधांच्या याद्या आहेत, मुलांनीं गिरविलेलीं मुळाक्षरें आहेत. गोइटाइन या पंडितानें त्यांवरून मध्ययुगांतील भूमध्यसमुद्राकांठच्या समाजाचें चित्र १९६७ पासून पांच खंडांत रेखाटलें. आणि त्याच कागदांत हिंदुस्थानच्या व्यापाराचीं शेंकडों पत्रें त्याला सापडलीं. ट्यूनिसकडील आब्राहाम बेन यीजू नांवाचा व्यापारी ११३२ च्या सुमारास मंगळूरास आला आणि सुमारें सतरा वर्षें मलबार किनाऱ्यावर राहिला. मिरी पाठवी, पितळेचीं भांडीं घडवून घेई. अशू नांवाच्या येथील स्त्रीशीं त्यानें संसार केला. बोम्मा नांवाचा त्याचा गुमास्ता एडनपर्यंत जाऊन येई. एडनचा सौदागर त्याला मालाच्या हिशेबाबरोबर कागद, साखर, मनुका अशा घरगुती जिनसा पाठवीत असे. अठराशें वर्षांपैकीं हीं सतरा वर्षें तरी आपल्या शेजारघरचीं निघालीं.

हें सर्व वाचतांना मन रमतें, आणि मग वॉर्सा येतें. तेथील विद्यापीठांत मायेर बालाबान हा १९२८ पासून ज्यू इतिहास शिकवीत असे. ऑक्टोबर १९३७ मध्यें त्याच विद्यापीठानें ज्यू विद्यार्थ्यांसाठीं वर्गांत वेगळीं बाकें नेमून दिलीं. विद्यार्थ्यांनीं तीं नाकारलीं आणि ते तासभर उभे राहून व्याख्यानें ऐकूं लागले. कांहीं थोडे पोलिश प्राध्यापकही त्यांच्याबरोबर उभे राहिले. ज्या विद्यापीठांत एका समाजाचा इतिहास शिकण्याची सोय झाली, पण त्या समाजाच्या मुलाला बसण्याची सोय राहिली नाहीं, तेथें तो विषय शिकणें म्हणजे काय असेल याची कल्पना मी वर्गांत उभा असतां पुष्कळदां करून पाहतों. बालाबान १९४२ च्या अखेरीस वॉर्साच्या कोंडवाड्यांत वारला. १९२७ मध्यें त्याच विद्यापीठाचा डॉक्टर झालेला एमानुएल रिंगेलब्लुम यानें त्या कोंडवाड्यांत गुप्तपणें दप्तर जमविण्यास सुरुवात केली: रोजनिश्या, शिधापत्रिका, ट्रामचीं तिकिटें, मिठाईचे कागदसुद्धां. बोएखनें ग्रीकांविषयीं जें शिकविलें आणि त्सुंट्सनें आपल्या लोकांविषयीं जें मागितलें, तेंच हें. सारें कांहीं जपावें. १९४२ च्या ऑगस्टमध्यें पहिला भाग पत्र्याच्या पेट्यांत पुरण्यांत आला. पुरणारे तिघे: एक शाळामास्तर आणि त्याचे दोन माजी विद्यार्थी, वयें अठरा व एकोणीस. तिघांपैकीं कोणी वांचलें नाहीं. रिंगेलब्लुमलाही १९४४ च्या मार्चमध्यें गोळी घालण्यांत आली. पेट्या १९४६ मध्यें व दुधाच्या कॅनमध्यें पुरलेला दुसरा भाग १९५० मध्यें सांपडला.

बर्लिनची १८७२ ची संस्था १९४२ च्या जुलैंत बंद पडली. जर्मन विद्यापीठांत ज्यू ईश्वरविद्येची स्वतंत्र शाखा निघाली ती २०१३ मध्यें, बर्लिनशेजारच्या पोट्सडाम येथें. जर्मनींत ज्यू इतिहास शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळ स्वतः ज्यू नाहींत. कोणी याला पश्चात्ताप म्हणेल. मला वाटतें, त्सुंट्सच्या १८४८ च्या अर्जांतील कलम हेंच होतें.

आतां आपल्याकडे. मराठींत हिब्रू व्याकरण जॉन विल्सननें १८३२ मध्येंच छापलें, तें बेने-इस्राएल विद्यार्थ्यांसाठीं. पुढें मुंबई विद्यापीठांत संस्कृत, फारसी, लॅटिन यांप्रमाणें हिब्रू घेऊन पदवी मिळवितां येत असे. जोसेफ यहेज्केल राजपूरकर हे त्या भाषेचे तेथील परीक्षक व अनेक प्रार्थनाग्रंथांचे मराठी भाषांतरकार. १८७४ मध्यें पुण्यांत वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह निघाली. तींतील चित्रांत इकडच्या पेहरावांतील बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकरी करीत आहेत. हाइम सामुएल किहीमकर यांनीं १८९७ मध्यें आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्यें, तेल अवीव येथें. म्हणजे हातांत साधनें होतीं, परीक्षक होते, विद्यापीठ होतें. परीक्षेचा विषय मात्र भाषा हाच राहिला. त्या भाषेचे लोक हा विषय झाला नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास सुमारें वीस हजार असलेला हा समाज पुढें बहुतांशीं इस्राएलांत गेला, आणि आमचा वर्ग रिकामा होऊं लागल्यावर आम्हांला विषयाची आठवण झाली.

रेवदंड्याचा तो विद्यार्थी पदवी घेऊन गेला. पण सुटींत येतो. मागच्या दिवाळींत त्यानें एक वही आणली. गांवाजवळच्या जुन्या कबरस्तानांतील दगडांवरील लेख त्यानें उतरून घेतले होते. वर मराठी, खालीं हिब्रू. मराठी भाग त्यानें वाचला होता. अमक्या शेटीची बायको, अमक्या गांवची, तेवढें स्पष्ट. हिब्रू अक्षरें त्यानें चित्रासारखीं काढलीं होतीं. सनाच्या जागीं आंकडा नसून अक्षरेंच आहेत, तीं कशीं वाचावयाचीं, असें त्यानें विचारलें. प्रत्येक अक्षराला संख्या असते, त्यांची बेरीज ज्यूंच्या सृष्टिसंवत्सराचा अंक देते व त्यांतून ३७६० वजा केले कीं इसवी सन निघतो, एवढें मला वाचनानें ठाऊक होतें. पण अक्षरच ओळखतां येईना. त्या वेळीं 'अभ्यासक्रमांत नाहीं' असें म्हणण्याचा मला धीर झाला नाहीं. विल्सनच्या व्याकरणाची प्रत आम्ही मिळविली आहे. तो रविवारीं येतो, आणि आम्ही दोघे पाटीवर मुळाक्षरें गिरवितों. सध्यां बारावें अक्षर चाललें आहे.